सम्राटाच्या वाड्यात मावलेले शहर

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर स्प्लिट बंदरात बोटीतून उतरले, की समोर ताडांची रांग दिसते. तिच्यामागे कॅफेंच्या छत्र्या, आणि छत्र्यांच्या मागे घरांची एक लांबच लांब भिंत. पहिल्यांदा येणारा प्रवासी त्या भिंतीकडे पाहतो आणि विचारतो, रोमन सम्राटाचा राजवाडा कुठे आहे? तो राजवाड्यासमोरच उभा असतो. थोडे थांबून पाहिले तर दोन खिडक्यांच्या मधे एक दगडी अर्धस्तंभ दिसतो, थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. ही सगळी घरे राजवाड्याच्या दक्षिण तटातच बांधलेली आहेत. दुकाने, गच्च्या, वाळत घातलेले कपडे हे सारे सतराशे वर्षांपूर्वीच्या एकाच इमारतीच्या अंगावर वसलेले आहे.

युरोपात रोमन अवशेष पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक कुंपणाच्या आत, तिकिटाच्या खिडकीपलीकडे असतात. स्प्लिटचा राजवाडा मात्र आजही गाव म्हणून चालतो. तो इतका शिल्लक कसा राहिला, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या भिंतींतच लिहिलेले आहे. लोक त्यात राहायला आले, म्हणून तो राहिला.

निवृत्तीसाठी बांधलेला किल्ला

डायोक्लेशियन हा याच परिसरातला माणूस. आजच्या स्प्लिटपासून पाच-सहा किलोमीटरवर सलोना नावाचे मोठे रोमन शहर होते. दाल्मातिया प्रांताची ती राजधानी. त्या भागात, एका साध्या कुटुंबात, इ.स. 244 च्या सुमारास त्याचा जन्म झाला. सैन्यात तो शिपाईगिरी करत वर चढला आणि 284 मध्ये सैन्याने त्याला सम्राट केले. त्याआधीची पन्नास वर्षे रोमसाठी फार वाईट गेली होती. एका मागून एक सम्राट गादीवर येत आणि बहुतेकांचा शेवट खुनाने किंवा रणांगणावर होई. डायोक्लेशियनने साम्राज्याचा कारभार चौघांत वाटला. दोन ज्येष्ठ सम्राट, दोन कनिष्ठ, आणि प्रत्येकाकडे एकेक विभाग. भाव आवाक्याबाहेर गेले तेव्हा 301 मध्ये त्याने धान्यापासून मजुरीपर्यंत शेकडो गोष्टींचे कमाल दर ठरवून दिले. तो हुकूम फार काळ टिकला नाही. 303 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माविरुद्ध फर्माने काढली. चर्च पाडली गेली, धर्मग्रंथ जाळले गेले आणि अनेकांना जीव गमवावा लागला. हा शेवटचा भाग लक्षात ठेवावा, कारण राजवाड्याच्या पुढच्या कथेत तो परत येतो.

1 मे 305 रोजी डायोक्लेशियनने स्वतःहून गादी सोडली. रोमन सम्राटाने आपण होऊन सत्ता सोडावी, ही त्या काळात न घडणारी गोष्ट होती. त्याआधीची दहाएक वर्षे त्याच्यासाठी समुद्रकाठी या वाड्याचे काम चालू होते. काही वर्षांनी जुन्या सहकाऱ्याने त्याला पुन्हा सत्ता हाती घेण्याची गळ घातली, तेव्हा त्याने आपल्या मळ्यातल्या कोबीचे कौतुक करून नकार कळवला, असे प्राचीन लेखक सांगतात. 311-312 च्या सुमारास तो इथेच वारला.

वाड्याचा आराखडा पाहिला तर त्यात सेनापतीची नजर दिसते. पूर्व-पश्चिम तट सुमारे 215 मीटर लांब, उत्तर-दक्षिण तट 175 ते 181 मीटर. म्हणजे साडेनऊ एकरांच्या आसपास जागा. तटाला सोळा बुरूज, तीन बाजूंना जमिनीवरचे दरवाजे आणि चौथ्या बाजूला समुद्र. आत दोन सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, रोमन छावणीत छेदत तसेच. उत्तरेकडच्या अर्ध्या भागात शिपाई, नोकरचाकर आणि कोठारे. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात देवळे, सम्राटाची समाधी आणि त्याचे राहते महाल. तेव्हा लाटा थेट दक्षिण भिंतीला येऊन लागत. आज जिथे लोक कॉफी पीत बसतात तो रीवा नावाचा रुंद रस्ता नंतर समुद्र हटवून केलेला आहे.

दगड जवळचाच. समोरच्या ब्राच बेटावरच्या खाणींतून पांढरा चुनखडक बोटींनी आणला. कमानींच्या छतांना वजन कमी हवे, म्हणून तिथे सच्छिद्र, हलका दगड वापरला. पिण्याचे पाणी याद्रो नदीच्या उगमापासून नऊ किलोमीटर लांबीच्या दगडी पाटाने आले. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या राजवटीत शहराला पाणी कमी पडू लागले, तेव्हा इंजिनिअरांनी नवा मार्ग शोधण्याऐवजी हाच जुना पाट दुरुस्त करून वापरात आणला.

वाड्यात बिऱ्हाडे आली

डायोक्लेशियन गेल्यावर वाडा सरकारी मालमत्ता म्हणून राहिला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका शासकीय यादीत इथल्या लोकर-कापडाच्या कारखान्याची नोंद आहे, म्हणजे वाड्याचा काही भाग कामाला लागला होता. पश्चिम रोमचा पदच्युत सम्राट जुलियस नेपोस या परिसरात आश्रयाला होता. 480 मध्ये सलोनाजवळ त्याचा खून झाला.

मग सातव्या शतकाच्या पूर्वार्धात अवार आणि स्लाव टोळ्यांच्या हल्ल्यांत सलोना पडले. लोक समोरच्या बेटांवर पळाले. परिस्थिती निवळल्यावर त्यांच्यातले काही परतले, पण आपल्या उद्ध्वस्त शहरात गेले नाहीत. तिथला तट मोठा होता आणि तो राखायला पुरेशी माणसे उरली नव्हती. हा वाडा आटोपशीर होता, भिंती भक्कम होत्या आणि एका बाजूला समुद्र होता.

तेराव्या शतकात स्प्लिटच्याच थॉमस नावाच्या धर्माधिकाऱ्याने शहराचा इतिहास लिहिला. त्यात या वस्तीची वाटणी सांगितली आहे. ज्यांची ऐपत होती त्यांनी आत स्वतःच्या खर्चाने घरे बांधावीत, ज्यांना ते जमत नव्हते त्यांनी बुरुजांत राहावे आणि उरलेल्यांनी कमानींखाली, तळघरांत आसरा घ्यावा. थॉमसने हे घटनेनंतर सहाशे वर्षांनी लिहिले, त्यामुळे तपशील शब्दशः घेता येणार नाहीत. पण आज गल्ल्यांतून फिरताना त्याचे म्हणणे पटत जाते. बुरुजाला खिडक्या फुटल्या आहेत, पहारेकऱ्यांच्या जागेत चर्च आहे, कमानीच्या पोटात दुकान आहे. सम्राटाच्या वाड्यात बिऱ्हाडे आली ती अशी.

तळघर: कचऱ्याने राखलेला आराखडा

पाहायला सुरुवात समुद्राकडच्या दरवाजापासून करावी. याला पितळी दरवाजा म्हणतात. तीन बाजूंच्या वेशींच्या मानाने तो अगदी साधा आणि लहान आहे, कारण बोटीने येणाऱ्यांसाठीच तो होता. आत शिरले की आपण थेट तळघरात येतो.

ही तळघरे मुळात दिमाखासाठी नव्हती. जमीन समुद्राकडे उतरत जाते. वरचे महाल सपाट पातळीवर यावेत, म्हणून त्यांच्याखाली जाडजूड भिंती आणि कमानी उभारून जोते उंच केले. त्यामुळे वर जसे दालन, तशीच खाली खोली. भिंतींच्या जागा त्याच आणि आकारही तेच. मध्ययुगात वर राहणाऱ्या लोकांनी जमिनीला भोके पाडून सांडपाणी आणि केरकचरा खाली सोडायला सुरुवात केली. काही खोल्यांत लोक राहिले, एका ठिकाणी ऑलिव्हचे तेल गाळण्याचा घाणा बसला. बाकीच्या खोल्या शतकानुशतके भरत गेल्या, अगदी छतापर्यंत.

वर सम्राटाचे महाल पडले, त्यांच्या जागी घरे उठली आणि मूळ रचना दिसेनाशी झाली. खाली मात्र घाणीच्या थराखाली रोमन खोल्या जशाच्या तशा बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा राडा उपसायचे काम सुरू झाले. येर्को आणि तोमिस्लाव मारासोविच या अभ्यासकांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. खोल्या मोकळ्या झाल्या, तसा वरच्या नाहीशा झालेल्या महालांचा नकाशाही हाती आला. भोजनगृह कुठे होते, मोठे दिवाणखाने कुठे होते, हे आज सांगता येते ते या तळघरांमुळे. मध्ययुगातल्या गृहिणींनी टाकलेल्या केराने एवढे काम केले, हे तळघरात उभे राहून पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

चौक आणि स्फिंक्स

तळघरातून जिना चढून वर आले की आपण वाड्याच्या मुख्य चौकात येतो. याचे नाव पेरिस्टाईल. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत आणि दक्षिणेला महालाचे प्रवेशद्वार. प्रवेशद्वारावर त्रिकोणी शीर्ष असून त्याच्या मधोमध कमान आहे. या कमानीखाली सम्राट लोकांना दर्शन देई. डायोक्लेशियनने दरबारी रीत बदलली होती. त्याच्यासमोर गुडघे टेकून त्याच्या जांभळ्या झग्याचा काठ चुंबायचा असे. त्याआधीचे सम्राट निदान नावापुरते तरी नागरिकांतले पहिले नागरिक म्हणवून घेत. या चौकाची सगळी मांडणी एकाच माणसाकडे नजर खिळवण्यासाठी केलेली आहे.

बांधकामाच्या दृष्टीनेही चौक महत्त्वाचा आहे. ग्रीक-रोमन वास्तूंत खांबांवर सहसा आडवी दगडी तुळई टाकत. इथे बाजूच्या रांगांत कमानी थेट खांबांच्या माथ्यावरून उठतात. मोठ्या राजवास्तूत ही रचना दिसण्याचे हे सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक. पुढे मध्ययुगीन चर्चमध्ये खांब आणि कमानी यांची हीच जोडी हजारो वेळा आली.

चौकाच्या कडेला काळ्या दगडाचा एक स्फिंक्स बसलेला आहे. डायोक्लेशियनने इजिप्तमधून असे अनेक स्फिंक्स आणवले होते, त्यांतले फार थोडे उरले. हा तिसरा थुटमोस या फेरोच्या काळचा, म्हणजे इ.स.पू. पंधराव्या शतकातला. वाडा बांधला तेव्हा ही मूर्ती सुमारे सतराशे वर्षांची होती. आज आपल्याला हा वाडा जितका जुना आहे, तितकाच हा स्फिंक्स डायोक्लेशियनला जुना होता. त्यानेही तो जुनी, दुर्मिळ वस्तू म्हणूनच आणला असणार. चौकातले लाल ग्रॅनाइटचे खांबही इजिप्तचेच.

प्रवेशद्वारामागे एक गोल दालन आहे. एके काळी त्यावर घुमट होता. आता माथा उघडा आहे आणि वर आकाशाचे वर्तुळ दिसते. इथे अनेकदा पाच-सहा पुरुष गोलात उभे राहून वाद्यांशिवाय गाताना भेटतात. ही दाल्मातियाची 'क्लापा' गायकी. युनेस्कोने 2012 मध्ये तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. गोल भिंतींमुळे तो आवाज असा भरून येतो, की त्यासाठीच हे दालन बांधले असावे असे वाटून जाते.

समाधीचे चर्च झाले

चौकाच्या पूर्वेला बाहेरून अष्टकोनी आणि आतून गोल अशी इमारत आहे. ही डायोक्लेशियनची समाधी. आज ती स्प्लिटचे कॅथेड्रल आहे, आणि अजून वापरात असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या इमारतींतल्या कॅथेड्रलांमध्ये तिची गणना होते.

डायोक्लेशियनच्या फर्मानांनंतर 304 मध्ये सलोनाचा बिशप दोम्नियस याचा शिरच्छेद झाला. निर्वासित वाड्यात स्थिरावल्यावर त्यांनी सम्राटाच्या समाधीचे चर्च केले. सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली. ती कधी आणि कशी गेली हे कुणालाच सांगता आलेले नाही. सलोनाहून दोम्नियसचे म्हणून मानले गेलेले अवशेष आणून इथे ठेवले गेले. ज्याने मारण्याचा हुकूम काढला त्याच्या समाधीत मारल्या गेलेल्याची पूजा सुरू झाली. क्रोएशियन लोक या संताला स्वेती दुये म्हणतात. तो शहराचा रक्षक संत आहे आणि 7 मे हा त्याचा दिवस स्प्लिटमध्ये अजून मोठ्या थाटाने साजरा होतो.

आत गेल्यावर आधी मान वर करावी. घुमट विटांचा आहे आणि त्या विटा खवल्यांसारख्या एकावर एक चढणाऱ्या कमानींत रचल्या आहेत. मुळात त्यावर मोझेइक होते, ते गळून गेल्यामुळे आज ही रचना उघडी दिसते. घुमटाखाली खांबांच्या दोन ओळी आणि त्यांच्यावरून शिकारीची दृश्ये कोरलेला पट्टा फिरतो. त्या पट्ट्यातल्या दोन गोल चौकटींतले चेहरे डायोक्लेशियन आणि त्याची पत्नी प्रिस्का यांचे मानले जातात. तसे असेल तर चर्च झाल्यावरही कुणी ते छिन्नीने उडवले नाहीत, हे विशेष.

यानंतर पाहावा तो लाकडी दरवाजा. आंद्रिया बुविना या स्थानिक कारागिराने 1214 मध्ये तो घडवला. अक्रोडाच्या लाकडातल्या 28 चौकटींत ख्रिस्ताचे जीवन कोरले आहे. आठशे वर्षे टिकलेले एवढे मोठे लाकडी काम युरोपात क्वचितच पाहायला मिळते. आतल्या वेद्यांपैकी एक बोनीनो दा मिलानोची 1427 ची, तर दुसरी युराय दाल्मातिनात्स याची 1448 ची. रोमन खांब, तेराव्या शतकातले व्यासपीठ आणि पंधराव्या शतकातले शिल्प अशी तीन युगे इथे चार पावलांत भेटतात.

बाहेरचा घंटामनोरा सुमारे 57 मीटर उंच आहे. तो तेराव्या शतकात सुरू झाला आणि पुढची काही शतके वाढत राहिला. मात्र आज दिसतो तो 1908 मध्ये पूर्ण झालेल्या पुनर्बांधणीचा. त्या दुरुस्तीत जुनी शिल्पे बरीचशी गेली. जपण्याच्या हेतूने केलेले कामही कधी कधी जुने पुसून टाकते, याची ती खूण आहे. वर चढायची हिंमत असेल तर जरूर चढावे. वाड्याचा चौकोन घरांच्या छपरांमधून स्पष्ट उमटलेला दिसतो तो तिथूनच.

देवळातले पाणी, गल्लीतली वाट

चौकाच्या पश्चिमेला एका चिंचोळ्या बोळात छोटे रोमन देऊळ आहे. सहसा ते जुपिटरचे मानतात, कारण डायोक्लेशियन स्वतःला त्या देवाचा अंश म्हणवून घेई. मध्ययुगात त्याचे बाप्तिस्मागृह झाले. त्याचे दगडी छत आजही पूर्ण आहे. एकेका चौकोनात वेगळा चेहरा, वेगळे फूल कोरलेले. मधला पाण्याचा हौद अकराव्या शतकातल्या कोरीव शिळा जोडून केलेला आहे. त्यातल्या एका शिळेवर मुकुटधारी राजा सिंहासनावर बसला आहे. तो क्रोएशियन राजा असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. मागे उभा असलेला कांस्याचा संत जॉन विसाव्या शतकातला, शिल्पकार इव्हान मेश्त्रोविच याचा. दाराबाहेर दुसरा एक स्फिंक्स आहे, पण डोके नसलेला.

या देवळाजवळच 'पुस्ती मे प्रोची' नावाची वाट आहे. नावाचा अर्थ 'मला जाऊ दे'. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच ती रुंद. रोमन रस्ते रुंद आणि सरळ होते. त्यांच्यात घरे वाढत वाढत पुढे सरकली आणि उरलेल्या फटींतून अशा गल्ल्या तयार झाल्या. मध्ययुगीन शहर नकाशावर आखून वसवलेले नव्हते, हे समजायला ही एक गल्ली पुरे.

उत्तरेचा सुवर्ण दरवाजा सलोनाकडे तोंड करून उभा आहे. सोने, रूपे, लोखंड, पितळ ही दरवाजांची नावे रोमन नाहीत, बऱ्याच नंतरची आहेत. सुवर्ण दरवाजा दुहेरी आहे. बाहेरचे दार फोडून शत्रू आत आला तर तो मधल्या देवडीत अडकावा, अशी योजना. त्या देवडीच्या वर, पहारेकऱ्यांच्या अरुंद वाटेत, संत मार्टिनचे इवलेसे चर्च आहे. रुंदी जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. दरवाजाबाहेर मेश्त्रोविचनेच घडवलेला ग्रगुर निन्स्की याचा प्रचंड पुतळा आहे. दहाव्या शतकातल्या या बिशपने पूजाअर्चेत लॅटिनऐवजी स्लाव भाषेचा आग्रह धरला होता. 1929 मध्ये हा पुतळा पेरिस्टाईल चौकात उभारला गेला. दुसऱ्या महायुद्धात इटालियन राजवटीने तो हलवला आणि 1954 मध्ये तो इथे आला. त्याच्या पायाचा अंगठा चोळला की नशीब उघडते अशी समजूत आहे. लाखो हातांनी तो अंगठा लखलखीत झाला आहे.

तटाबाहेरचे मध्ययुग

पश्चिमेच्या लोखंडी दरवाजातून बाहेर पडले की आपण प्यात्सा चौकात येतो. वस्ती वाढली, वाड्यात मावेना, तेव्हा शहर या बाजूला पसरले. इथे 1443 चे गॉथिक नगरभवन आहे. लोखंडी दरवाजाच्या अंगाला एक जुने घड्याळ आहे आणि त्याच्या तबकडीवर बाराऐवजी चोवीस आकडे आहेत. दरवाजाच्या माथ्यावरचा छोटा घंटामनोरा अकराव्या शतकाचा. दाल्मातियातल्या या शैलीतल्या मनोऱ्यांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक.

1420 पासून 1797 पर्यंत स्प्लिट व्हेनिसच्या ताब्यात होते. त्या काळात सरदार घराण्यांनी वाड्यात आणि वाड्याबाहेर हवेल्या बांधल्या. पापालिच घराण्याच्या हवेलीत आज शहराचे संग्रहालय आहे. याच शहरातल्या मार्को मारुलिचचे 'युदिता' हे काव्य 1521 मध्ये छापले गेले आणि क्रोएशियन साहित्याचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दानिएल रोद्रिगा या ज्यू व्यापाऱ्याच्या प्रयत्नांतून इथे मोठे व्यापारी बंदर उभे राहिले. वाड्याच्या वायव्य कोपऱ्यातले सिनेगॉग त्याच काळात वसलेल्या ज्यू वस्तीचे. रोमन तटाला टेकलेली ही प्रार्थनाघरे पाहताना कळते, की सम्राटाच्या भिंतींनी नंतर कुणालाही आसरा नाकारला नाही.

भिंत वाचावी कशी

स्प्लिटमध्ये थोडी ओळख झाली की मार्गदर्शकाशिवायही भिंती वाचता येतात. मोठमोठे, घासूनपुसून बसवलेले चिरे आणि पूर्ण अर्धगोल कमान दिसली तर ते रोमन काम. लहान, ओबडधोबड दगडांची भिंत आणि मधे बारीक खांब असलेली जोडखिडकी म्हणजे अकरावे ते तेरावे शतक. खिडकीची कमान वर टोकदार झाली, तिला पाकळ्या फुटल्या, की व्हेनिसच्या काळातले गॉथिक. सरळ चौकोनी, नक्षीदार चौकट आली की पुढचे, प्रबोधनकाळातले. चौकाच्या उत्तर टोकाला उभे राहून एकाच नजरेत हे चारही प्रकार शोधावेत. रोमन खांबांच्या मधल्या जागा बुजवून कशी घरे बांधली, हे त्या एका दृश्यात समजते.

ही भिंत पहिल्यांदा काळजीपूर्वक मोजली ती एका स्कॉटिश माणसाने. वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम 1757 मध्ये फ्रेंच चित्रकार क्लेरिसो आणि मदतनिसांसह इथे आला. पाच आठवडे मापे घेतली, चित्रे काढली. तटाची मापे घेणारा परका म्हणजे हेर, असा संशय व्हेनिसच्या अधिकाऱ्यांना आला होता. 1764 मध्ये त्याचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये निघाला आणि इंग्लंडमधल्या घरबांधणीवर त्याची छाप पडली. पुढे फ्राने बुलिच या धर्मगुरू-पुरातत्त्वज्ञाने आयुष्यभर सलोना आणि स्प्लिटवर काम केले.

नंतरची घरे पाडून शुद्ध रोमन वाडा उघडा करावा असा विचारही वेळोवेळी पुढे आला आणि काही बांधकामे त्यात गेली. सुदैवाने तो विचार पुरता अमलात आला नाही. सगळे थर जपायचे, हे धोरण पुढे मान्य झाले. 1979 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती एकट्या राजवाड्याची नाही. राजवाड्यासह स्प्लिटच्या ऐतिहासिक वस्तीची ती नोंद आहे.

दोन गावांची तुलना

शक्य असेल तर अर्धा दिवस काढून सलोनालाही जावे. आज त्या गावाचे नाव सोलिन. रोमन काळात ते स्प्लिटपेक्षा कितीतरी मोठे होते. तिथे नाट्यगृह होते, स्नानगृहे होती, प्रचंड चर्च होती. आज पायऱ्यांचे अवशेष, पायाच्या ओळी आणि मधे वाढलेले गवत दिसते. लोक निघून गेल्यावर त्या शहराचा दगड दुसरीकडे वापरला गेला. तोच दगड, तेच कारागीर, तेच साम्राज्य असूनही एक शहर जमिनीला मिळाले आणि एक वाडा उभा राहिला. फरक एवढाच, की वाड्यात माणसे राहत होती. गळणारे छप्पर कुणीतरी दुरुस्त करत होते, सैल झालेला दगड कुणीतरी परत बसवत होते. त्यांनी मोडतोडही केली, भोके पाडली, खांबांत भिंती घातल्या. पण सोडून दिल्याने जेवढे नुकसान होते, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही.

म्हणूनच आजची काळजी वेगळी आहे. तटाच्या आतली घरे झपाट्याने पर्यटकांना भाड्याने दिली जात आहेत आणि कायमचे रहिवासी कमी होत आहेत. जाणाऱ्याने निदान एवढे करावे. सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी वाड्यात शिरावे. झिजलेली फरशी निसरडी असते, तेव्हा घट्ट तळव्याचे जोडे घालावेत. रुपेरी दरवाजाबाहेरच्या मंडईतून फळे घ्यावीत. रात्री त्या बोळांतून बोलताना आवाज खाली ठेवावा, कारण वरच्या खिडकीत कुणाचे तरी मूल झोपलेले असते. आणि त्या खिडक्यांकडे आवर्जून पाहावे. त्यांच्यामागचा दिवा विझला आणि शेवटचे बिऱ्हाड उठून गेले, तर सातव्या शतकानंतर प्रथमच डायोक्लेशियनचा वाडा रिकामा झालेला असेल.